ख्रिस्ती मंडळींतील सेवापदें

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचा ख्रिस्ती संस्थांशीं या ना त्या निमित्तानें संबंध येतच असतो. कोणाचीं मुलें कॉन्व्हेंट शाळेंत शिकतात, कोणी मिशनच्या इस्पितळांत औषधोपचार घेतलेला असतो, कोणी नाताळच्या रात्रीं शेजाऱ्यांबरोबर चर्चमध्यें जाऊन आलेला असतो. फादर, ब्रदर, सिस्टर, रेव्हरंड, बिशप, कार्डिनल हीं नांवें त्यामुळें कानांवरून गेलेलीं असतात. परंतु या नांवांचा परस्परसंबंध काय, यांपैकीं वरचा कोण व खालचा कोण, आणि कोणास कोणतें काम करण्याचा अधिकार आहे, असें विचारल्यास बहुतेकांची गति कुंठित होते. मग झगा घातलेला प्रत्येक पुरुष 'पाद्री' आणि डोक्यावरून शुभ्र वस्त्र घेतलेली प्रत्येक स्त्री 'नन' एवढ्यावर समाधान मानावें लागतें. वास्तविक 'वरचा कोण व खालचा कोण' हा जो प्रश्न प्रथम सुचतो, तोच या विषयांतील खरा वादाचा प्रश्न आहे. ख्रिस्ती लोक आपल्या धर्मसमाजास 'मंडळी' किंवा 'ख्रिस्तसभा' म्हणतात. या मंडळीला दोन हजार वर्षांच्या आपल्या इतिहासांत त्या प्रश्नाचें उत्तर पुनःपुन्हां शोधावें लागलें आहे, आणि आजहि तो शोध संपलेला नाहीं.

प्रथम शब्दांचाच विचार करणें सोईचें होईल. 'मिनिस्टर' हा इंग्रजी शब्द राज्यकारभारामुळें सर्वांच्या परिचयाचा झाला आहे, व तो ऐकतांच मोटारी, शिपाई आणि हारतुरे डोळ्यांपुढें उभे राहतात. मूळ लॅटिन भाषेंत मात्र या शब्दाचा अर्थ सेवक किंवा हाताखालचा माणूस असा आहे. त्या भाषेंत 'माजिस्तेर' म्हणजे जो मोठा तो, आणि 'मिनिस्तेर' म्हणजे जो लहान तो, अशी ही शब्दांची जोडी आहे. यांतील पहिल्यापासून आपला 'मास्तर' निघाला आणि दुसऱ्यापासून 'मिनिस्टर'. म्हणजे व्युत्पत्तीच्या न्यायानें पाहिल्यास गांवच्या शाळेंतील मास्तर हा मंत्र्याहून मोठा ठरतो! ख्रिस्ती मंडळींतील सर्व पदांना इंग्रजींत 'मिनिस्ट्री' असें जें सामान्य नांव आहे, त्याचा अर्थ याप्रमाणें 'सेवा' एवढाच होय. बायबलच्या उत्तरार्धास नवा करार म्हणतात. त्या नव्या करारांत यासाठीं जो ग्रीक शब्द आला आहे, त्या 'दिआकोनिया'चाहि अर्थ सेवा, त्यांतल्या त्यांत जेवणाऱ्यांना वाढण्याची सेवा, असाच आहे.

आजच्या मुख्य पदांचीं नांवेंहि अशींच साधीं आहेत. 'एपिस्कोपोस' म्हणजे देखरेख करणारा. त्यापासून 'बिशप' झाला. 'प्रेस्ब्युतेरोस' म्हणजे वयोवृद्ध. त्यापासून 'प्रीस्ट' झाला. 'दिआकोनोस' म्हणजे सेवक. त्यापासून 'डीकन' झाला. मराठी बायबलमध्यें या तिघांना अनुक्रमें अध्यक्ष, वडील आणि सेवक असे शब्द योजिले आहेत, आणि ते मूळ अर्थाला फार जवळचे आहेत. 'पाद्री' हा शब्द मात्र पोर्तुगीजांच्या बरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. त्याचा अर्थ पिता, आणि 'फादर' म्हणजेहि तेंच. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. यज्ञयाग करणाऱ्या पुरोहिताला ग्रीक भाषेंत निराळा शब्द होता. परंतु नव्या कराराच्या लेखकांनीं तो मंडळीच्या कोणत्याहि एका अधिकाऱ्यास लावलेला नाहीं. तो त्यांनीं एकतर ख्रिस्ताला लावला, नाहीं तर सर्व श्रद्धावंतांच्या समुदायाला लावला. पुढील पुष्कळ वादांचें मूळ या एका गोष्टींत आहे.

हीं पदें निर्माण तरी कशीं झालीं? येशूच्या मागें त्याच्या शिष्यांचा जो पहिला समुदाय यरुशलेमांत जमला, त्यांत एक अगदीं घरगुती तंटा उपस्थित झाला. त्याची हकीकत 'प्रेषितांचीं कृत्यें' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत आहे. विधवांना रोजचें अन्न वांटलें जात असे. त्या वांटपांत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर सुरू झाली. तेव्हां प्रेषितांनीं, म्हणजे येशूच्या बारा प्रमुख शिष्यांनीं, सर्व समुदायाला बोलावून सांगितलें कीं, उपदेशाचें काम सोडून पंगतीची व्यवस्था पाहणें योग्य नव्हे, तरी लोकांनींच आपल्यांतून सात भल्या माणसांची निवड करावी. लोकांनीं सातजण निवडले, आणि प्रेषितांनीं त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. या सातहि जणांचीं नांवें ग्रीक आहेत. अर्थात् ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातीं वाढप सोंपविण्यांत आलें असावें.

या लहानशा प्रसंगांत पुढील सर्व इतिहासाचें बीज आहे. आधीं गरज उत्पन्न झाली आणि मागाहून पद आलें. निवड समुदायानें केली आणि नेमणूक वडीलधाऱ्यांनीं हात ठेवून केली. हात ठेवण्याच्या या विधीला हस्तार्पण म्हणतात, आणि आजहि बहुतेक पंथांत सेवापदाची दीक्षा हस्तार्पणानेंच दिली जाते. शिवाय असें दिसतें कीं, कामांची ही वांटणी प्रारंभापासूनच फारशी बंदिस्त नव्हती. वाढण्याकरितां निवडलेल्या या सातांपैकीं स्तेफन हा उपदेश करीत करीत पहिला हुतात्मा झाला, आणि फिलिप्प हा प्रवासांत भेटलेल्या एका इथियोपी अधिकाऱ्याला बाप्तिस्मा देता झाला.

पुढें संत पौलानें करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रांत मंडळीला शरीराची उपमा दिली. डोळा हाताला निरुपयोगी म्हणूं शकत नाहीं, तसेंच मंडळींतील कोणतेंहि कार्य क्षुद्र नाहीं, असा त्याचा आशय आहे. त्यानें दिलेल्या यादींत प्रेषित, संदेष्टे व शिक्षक यांच्या जोडीला रोग्यांना बरें करणारे, साहाय्य करणारे व व्यवस्था पाहणारे हेहि आहेत. त्याच्याच एका पत्रांत फीबी नांवाच्या बाईचा उल्लेख किंख्रिया येथील मंडळीची 'दिआकोनोस' असा आला आहे. पद स्त्रियांचें कीं पुरुषांचें, या आजच्या वादांत या एका उल्लेखाला म्हणूनच मोठें महत्त्व आलें आहे.

मंडळी वाढली तशी व्यवस्थाहि वाढली. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं अंत्युखियाचा बिशप इग्नाती याच्या पत्रांत एक बिशप, त्याच्या भोंवतीं वडिलांचें मंडळ आणि त्यांच्या मदतीला डीकन, अशी तीन पायऱ्यांची रचना स्पष्ट दिसते. इ. स. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस यानें लिहिलेल्या एका पत्रांत तर त्या नगरींतील मंडळीची शिरगणतीच सांपडते. त्या वेळीं तेथें ४६ वडील, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ वेदीसेवक, आणि भूतबाधा काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२ जण होते. शिवाय मंडळीच्या आश्रयावर असलेल्या विधवा व दीनदुबळे १५०० हून अधिक होते. हे आंकडे बोलके आहेत. दीडशेंच्या आसपास सेवक आणि त्यांच्या दसपट आश्रित. म्हणजे पंक्तींत वाढण्याचें मूळचें काम तोंपर्यंत चालूच होतें. परंतु चौथ्या शतकांत ख्रिस्ती धर्माला प्रथम राजाची मोकळीक आणि नंतर राजाश्रय मिळाला, तेव्हां बिशपाला दरबारांत मान मिळूं लागला. वाचक, वेदीसेवक, उपडीकन हीं एके काळचीं स्वतंत्र कामें पुढें प्रीस्ट होण्याच्या जिन्यावरील नुसत्या पायऱ्या होऊन बसलीं. ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनें पाश्चात्त्य मंडळींतील धर्मगुरूंचे विवाह अवैध ठरविले. याप्रमाणें दीक्षित आणि सामान्य यांच्यामध्यें एक उंच भिंत उभी राहिली.

आतां आजच्या स्थितीकडे वळावयाचें. रोमन कॅथलिक ख्रिस्तसभेंत दीक्षापदें तीनच आहेत : बिशप, प्रीस्ट आणि डीकन. पोप हा चौथा नव्हे. तो रोमचा बिशप असून त्याची दीक्षा इतर बिशपांचीच असते. कार्डिनल ही तर दीक्षाच नव्हे. ती पोपनें केलेली नेमणूक आहे. कार्डिनलांचें मुख्य काम पोपला सल्ला देणें व नवा पोप निवडणें हें होय. तथापि ज्याचीं ८० वर्षें पूर्ण झालीं आहेत अशा कार्डिनलास मत देतां येत नाहीं. भारतांतून हा मान प्रथम मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांना १९५३ सालीं मिळाला. बिशप हा एका धर्मप्रांताचा प्रमुख असतो. दुसऱ्यास दीक्षा देण्याचा अधिकार त्याचाच असतो, आणि वयाच्या ७५ व्या वर्षीं त्यानें आपला राजीनामा पोपकडे सादर करावयाचा असतो. प्रीस्ट, म्हणजे ज्यांना आपण फादर म्हणतों ते धर्मगुरु, मिस्सा साजरी करतात, पापनिवेदन ऐकून क्षमेचा संस्कार देतात व रोग्यांना अभ्यंग करतात. डीकन हा बाप्तिस्मा देऊं शकतो, विवाह लावूं शकतो, प्रवचन व अंत्यविधि करूं शकतो. परंतु मिस्सा साजरी करणें व पापक्षमेचा संस्कार देणें या दोन गोष्टी त्याच्या अधिकाराबाहेर आहेत.

मग 'सिस्टर' कोठें बसतात? या जिन्यावर त्यांची पायरीच नाहीं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांनीं बांधून घेतलेल्या त्या संन्यासिनी होत. त्यांना गुरुदीक्षा दिलेली नसते. 'ब्रदर' हेहि तसेच व्रतस्थ पुरुष होत. उलटपक्षीं, धर्मप्रांताच्या सेवेंत असलेल्या साध्या धर्मगुरूनें दारिद्र्याचें व्रत घेतलेलें नसतें. जेझुइट फादरासारखा एखादा मनुष्य व्रतस्थहि असतो आणि दीक्षितहि असतो. व्रत ही एक गोष्ट आणि दीक्षा ही दुसरी, हा भेद लक्षांत आला म्हणजे या नांवांतील निम्मा घोंटाळा नाहींसा होतो. धर्मगुरूचें कार्य वेदीपुरतेंच असतें असेंहि नाहीं. वसईचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल सुबोध मराठींत आणलें, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें, हें मराठी वाचकांस ठाऊक आहेच.

येथवर जें वर्णन झालें त्यावरून सर्व अधिकार दीक्षितांच्या हातीं एकवटला आहे असें वाटेल. परंतु कॅथलिक धर्मनियमांतच दोन अशा गोष्टी आहेत कीं, त्या प्रथम ऐकणाऱ्यास नवल वाटावें. पहिली बाप्तिस्म्याची. नवजात अर्भक मरणोन्मुख झालें आहे आणि धर्मगुरु जवळ नाहीं, अशा वेळीं कोणीहि व्यक्ति पाणी ओतून व विहित शब्द उच्चारून त्याला बाप्तिस्मा देऊं शकते. ती व्यक्ति ख्रिस्ती असलीच पाहिजे असेंहि नाहीं. मंडळी जें करते तें करण्याचा हेतु मनांत असला म्हणजे पुरे. म्हणजे प्रसूतिगृहांतील एखाद्या हिंदु किंवा मुसलमान परिचारिकेनें आईच्या विनंतीवरून दिलेला बाप्तिस्माहि पूर्णपणें ग्राह्य होय. दुसरी गोष्ट विवाहाची. पाश्चात्त्य कॅथलिक परंपरेप्रमाणें विवाहसंस्काराचे संपादक वधू आणि वर हे स्वतःच असतात. धर्मगुरु हा मंडळीच्या वतीनें उभा असलेला साक्षी होय. जन्म आणि विवाह या दोन दारांशीं तरी अधिकाराची भिंत अशी ठेंगणी झालेली आहे.

विसाव्या शतकांत ही भिंत आणखी खालीं आणण्याचे प्रयत्न झाले. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येक व्यक्तीचा मंडळीच्या कार्यांत वांटा आहे यावर भर दिला. त्याच परिषदेच्या निर्णयाला अनुसरून डीकनचें पद स्वतंत्र व कायमचें पद म्हणून पुन्हां सुरू झालें, आणि तें विवाहित पुरुषांनाहि खुलें झालें. मुंबईच्या धर्मप्रांतांत असे विवाहित डीकन आज आहेत. १९७२ सालीं सहावे पोप पॉल यांनीं द्वारपाल, भूतबाधा काढणारा, उपडीकन वगैरे जुन्या पायऱ्या रद्द केल्या, आणि वाचक व वेदीसेवक हीं दोन पदें सामान्य श्रद्धावंतांचीं सेवापदें म्हणून राखिलीं. परंतु तीं पुरुषांपुरतींच ठेविलीं. प्रत्यक्षांत अनेक देशांत स्त्रिया चर्चमध्यें शास्त्रवाचन करीतच होत्या. २०२१ च्या जानेवारींत पोप फ्रान्सिस यांनीं तीं दोन्हीं पदें स्त्रियांनाहि रीतसर खुलीं केलीं, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत धर्मशिक्षकाचें एक तिसरें सेवापद निर्माण केलें. ज्यांनीं पिढ्यान्पिढ्या खेड्यापाड्यांत मुलांकडून प्रार्थना घोंकून घेतल्या, त्यांना अशा रीतीनें अखेर नांव मिळालें.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांतहि हींच तीन दीक्षापदें आहेत. फरक असा कीं, दीक्षेपूर्वीं विवाह झालेला पुरुष तेथें धर्मगुरु होऊं शकतो. बिशप मात्र अविवाहितांतूनच निवडला जातो. केरळांतील ऑर्थोडॉक्स सिरियन मंडळींत संसारी धर्मगुरु सर्रास आढळतात, तें याच परंपरेमुळें.

प्रॉटेस्टंट पंथांचा मार्ग याहून निराळा. १५२० सालीं मार्टिन ल्यूथरनें असें प्रतिपादन केलें कीं, बाप्तिस्म्यानें सर्वच ख्रिस्ती मनुष्य याजक झाले आहेत; उपदेशक व सामान्य मनुष्य यांत भेद कामाचा आहे, दर्जाचा नव्हे. पुरोहित हा शब्द नव्या करारांत सर्व समुदायाला लावलेला आहे असें जें वर सांगितलें, त्यावरच त्याची ही भिस्त होती. १५४१ सालीं कॅल्विननें जिनीव्हा शहरांत पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशीं चार पदें ठरविलीं. त्यांत वडील हे उपदेशक नसून समाजांतील जबाबदार गृहस्थ असत. आपल्याकडील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत 'पाळक' हा शब्द रूढ आहे. पाळक म्हणजे मेंढपाळ. त्याच्या नांवाआड जें 'रेव्हरंड' लागतें तें पद नव्हे, ती केवळ आदराची उपाधि आहे. त्याच्या जोडीला मंडळीनें निवडलेलें पंचमंडळ असतें, आणि जमाखर्चापासून शिस्तीपर्यंत अनेक गोष्टींत त्याचा शब्द चालतो. सतराव्या शतकांत निघालेल्या क्वेकर पंथानें तर पगारी धर्मगुरु ठेवण्याची चालच सोडून दिली. याच्या अगदीं उलट साल्व्हेशन आर्मी ऊर्फ मुक्तिफौज. तींत सैन्यासारखे कॅप्टन, मेजर असे हुद्दे आहेत. १८८२ सालीं ही फौज मुंबईच्या बंदरांत उतरली. तिच्यांत स्त्रीपुरुषांना सारखाच हुद्दा मिळतो. १९३४ सालीं इव्हँजेलिन बूथ ही तिची पहिली स्त्री जनरल झाली.

हीं मतें परस्परांपासून इतकीं दूर असतांना ती एकत्र येऊं शकतील काय? या प्रश्नाला एक उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीवर मिळालें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली. यांतील अँग्लिकन मंडळी बिशप मानणारी, तर बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळ्या बिशपाशिवाय चालणाऱ्या. ज्यांच्यावर बिशपानें हात ठेविला नाहीं त्यांची दीक्षा खरी मानावयाची काय, हा कळीचा मुद्दा होता. त्यावर तोड अशी काढण्यांत आली कीं, एकीकरणाच्या विधींत सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनीं परस्परांवर हात ठेवून प्रार्थना करावी. कोणी कोणास दिलें व कोणी कोणाकडून घेतलें हें कोणीच सांगूं नये, अशी ही तोड होती. आज त्या मंडळींत बिशप, प्रेस्बिटर व डीकन हीं तीन पदें आहेत, कारभाराच्या सभांत दीक्षितांबरोबर सामान्य सभासदहि बसतात, आणि स्त्रियांनाहि दीक्षा दिली जाते.

तथापि महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळीचा इतिहास केवळ दीक्षितांचा इतिहास म्हणून लिहिला तर तो अर्धाच लिहिल्यासारखें होईल. अमेरिकन मराठी मिशनसारख्या संस्थांच्या कामांत आठवडाभर शाळा चालविणारा आणि रविवारीं उपासना चालविणारा खेड्यांतील मास्तर हाच पुष्कळ ठिकाणीं मंडळीचा आधार होता. पुरुष उपदेशकाला जेथें प्रवेश नसे अशा माजघरांत जाऊन शास्त्रवाचन करणाऱ्या व बायकांना अक्षरें शिकविणाऱ्या स्त्रियांना 'बायबल-बाई' म्हणत. त्यांच्यावर कोणी हस्तार्पण केलें नव्हतें. पंडिता रमाबाईंनाहि कोणतेंच दीक्षापद नव्हतें. पण केडगांव येथें शेंकडों निराश्रित स्त्रियांना आसरा देऊन व मूळ इब्री आणि ग्रीक भाषा शिकून संबंध बायबल मराठींत उतरवून त्यांनीं जें कार्य केलें, तें कोणत्या बिशपाच्या कार्याहून उणें म्हणावें? लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळें घरोघरीं परिचित झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक हे तर दीक्षित होते; परंतु १९१७ सालीं ते मिशनच्या चाकरींतून बाहेर पडले आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोघांनाहि ज्यांत स्थान आहे असा 'देवाचा दरबार' त्यांनीं स्थापिला. पद सोडल्यानें आपली सेवा संपत नाहीं, असाच त्यांच्या या कृतीचा अर्थ झाला.

आज या विषयांत दोन प्रश्न तीव्र झाले आहेत. पहिला स्त्रियांच्या दीक्षेचा. दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैन्यामुळें मकाव येथें अँग्लिकन धर्मगुरु पोंचूं शकत नव्हते. तेथील मंडळीला प्रभुभोजनाचा विधि मिळावा म्हणून हाँगकाँगच्या बिशपानें २५ जानेवारी १९४४ रोजीं फ्लॉरेन्स ली टिम-ओई या डीकनबाईस प्रीस्टची दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेंतील ही पहिली स्त्री प्रीस्ट होय. युद्ध संपल्यावर वादळ उठलें आणि १९४६ सालीं तिनें तें काम करण्याचा परवाना परत केला. पुढें इंग्लंडच्या मंडळीनें १९९४ सालीं स्त्रियांना प्रीस्टची व २०१५ सालीं बिशपची दीक्षा दिली. आपल्या देशांत चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नंद्याळ धर्मप्रांताच्या बिशप म्हणून २०१३ सालीं ई. पुष्पा ललिता यांची नेमणूक झाली. २०२५ सालीं कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठीं सारा मुलाली यांचें नांव जाहीर झालें; या बाई पूर्वाश्रमीं परिचारिका असून इंग्लंडच्या मुख्य परिचर्या-अधिकारी होत्या. कॅथलिक ख्रिस्तसभेची भूमिका मात्र निराळी आहे. येशूनें बारा प्रेषित पुरुषच निवडले, ती परंपरा बदलण्याचा अधिकार मंडळीला नाहीं, असें दुसरे पोप जॉन पॉल यांनीं १९९४ सालीं स्पष्ट केलें. स्त्रियांना डीकन तरी करावें काय, याचा विचार करण्यासाठीं २०१६ व २०२० सालीं समित्या नेमल्या गेल्या. फीबीचा तो जुना उल्लेख अशा वेळीं पुन्हां पुढें येतो.

दुसरा प्रश्न धर्मगुरूंच्या टंचाईचा. दक्षिण अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यांत अशा कित्येक वस्त्या आहेत कीं, तेथें धर्मगुरु महिनोनमहिने फिरकत नाहीं. तेथील उपासना, शिकवण, आजाऱ्यांची विचारपूस हें सर्व सामान्य स्त्रीपुरुषच, व त्यांतहि बहुधा स्त्रियाच, सांभाळतात. परंतु मिस्सा हा कॅथलिक उपासनेचा गाभा, आणि ती धर्मगुरूवांचून होत नाहीं. २०१९ च्या ऑक्टोबरांत रोम येथें भरलेल्या परिषदेंत तेथील बिशपांनीं बहुमतानें अशी मागणी केली कीं, समाजांत मान असलेल्या विवाहित डीकनांना या प्रदेशापुरती गुरुदीक्षा द्यावी. २०२० च्या फेब्रुवारींत पोप फ्रान्सिस यांनीं जें पत्र प्रसिद्ध केलें त्यांत ही परवानगी नव्हती. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, शतकानुशतकें जपलेलें ब्रह्मचर्य हें धर्मगुरूच्या सर्वस्वदानाचें चिन्ह आहे, तें टंचाईच्या निमित्तानें मोडूं नये. दुसरा पक्ष विचारतो कीं, यरुशलेमांत विधवा उपाशी राहूं लागल्या तेव्हां प्रेषितांनीं नवें पद निर्माण केलें. मग आज लोक मिस्सेवांचून उपाशी असतांना मंडळीनें काय करावें? दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत, आणि दोघांच्याहि हातीं तोच ग्रंथ आहे.

या सर्व पदांचा मेळ घालणारें एक सूत्र कॅथलिक विधींतील एका लहानशा गोष्टींत सांपडतें. बिशपाला बिशप होण्यापूर्वीं प्रीस्टची आणि त्याच्याहि पूर्वीं डीकनची दीक्षा मिळालेली असते, आणि आधींची दीक्षा नंतरच्या दीक्षेनें पुसली जात नाहीं. म्हणून कित्येक महत्त्वाच्या विधींत बिशप आपल्या भरजरी झग्याच्या आंत डीकनचें साधें वस्त्र परिधान करतो. बाहेरून पाहणाऱ्यास त्याची कड कोठें दिसली तर दिसते. शुभ शुक्रवारच्या आदल्या सायंकाळीं, येशूनें शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ, बिशप वरचा झगा उतरवून लोकांचे पाय धुतो, तेव्हां आंतलें तें सेवकाचें वस्त्र सर्वांस दिसतें. वर्षांतील त्या एका सायंकाळीं 'वरचा कोण व खालचा कोण' या प्रश्नाला मंडळी आपल्यापुरतें उत्तर देते. उरलेल्या दिवसांत तें उत्तर पाळणें किती कठीण आहे, हें तिचा इतिहासच सांगतो. आणि जेथें जेथें सेवेच्या नांवानें खुर्च्या मांडल्या जातात, तेथें तेथें ही अडचण केवळ ख्रिस्ती मंडळीचीच राहत नाहीं.